कायमचे अनुमोदक

शोकप्रस्तावाला अनुमोदक लागत नाही. सगळे उभे राहतात, माना खाली घालतात, कुणाचा तरी मोबाइल वाजतो आणि सगळे पुन्हा खाली बसतात. राजकारणात हयात घालवलेल्या माणसाला एवढं ठाऊक असायला हरकत नसावी. पण सोपाननानांच्या श्रद्धांजलीच्या सभेत पक्षाचे तालुकाध्यक्ष आबासाहेब हातातल्या कागदावरची नजर न काढता वाचत गेले, "सोपाननानांच्या निधनाने पक्षाने एक निष्ठावंत कार्यकर्ता गमावला आहे, असा ठराव मी मांडतो. अनुमोदक, सोपाननाना."

कुणी हसलं नाही. हसावं की नाही हेच कुणाला कळेना. आबासाहेबांनी मान वर केली ती सरळ तिसऱ्या रांगेतल्या नानांच्या नेहमीच्या खुर्चीकडे. तिथे कुणीतरी आपली ओली छत्री ठेवली होती. आबासाहेब खाकरले आणि पुढच्या वक्त्याचं नाव घेऊन मोकळे झाले.

मला त्या वेळी रडू यायला हवं होतं. आली ती चीड. आबासाहेबांची तर आलीच, पण नानांचीही आली. मेल्यावरसुद्धा हा माणूस अनुमोदन देत बसला होता!

पिरंगुटला बस थांब्यासमोर माझं मेडिकलचं दुकान आहे. लोक मला डॉक्टर म्हणतात. पहिल्या पहिल्यांदा मी सांगायचो, की बाबांनो, मी डॉक्टर नाही, मी औषधं विकतो. पुढे सोडून दिलं. नाना पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा एक गिऱ्हाईक औषधांच्या भावावरून माझ्याशी हुज्जत घालत होतं. "लुटताय तुम्ही लोकांना," असं ते म्हणालं आणि मागून खणखणीत आवाज आला, "अनुमोदन!"

बघतो तर लेंगा, घडीचा पांढरा शर्ट, टोपी आणि खिशावर पक्षाचा बिल्ला लावलेला एक उंच म्हातारा हात वर करून उभा.

"अहो, भाव कंपनी ठरवते, मी नाही," मी वैतागून म्हणालो.

"त्येला बी अनुमोदन," म्हातारा म्हणाला आणि स्टूल ओढून बसला. तो त्यानंतर कितीतरी वर्षं बसला.

नानांची वाडी ताम्हिणीच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत, चढावर. त्यांची बायको सगुणाबाई दम्याची. तिचा पंप न्यायला ते बसनं खाली पिरंगुटला यायचे. पंप घेऊन पुढच्या बसनं परत जायला काहीच हरकत नव्हती. पण त्यांना माणसं लागायची, आणि माझ्या दुकानात माणसांना तोटा नव्हता. येईल त्याच्या बोलण्याला ते अनुमोदन देत. उकडतंय म्हणणाऱ्याला देत, पाऊस येणार म्हणणाऱ्याला देत, आणि एकदा तर नवऱ्यावर करवादणाऱ्या बाईला तिच्या नवऱ्यादेखत दिलं. तो नवरा पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढला नाही.

आपल्याकडच्या सभांची रीत सगळ्यांना माहीत आहे. सोसायटी असो, दूध संस्था असो, नाहीतर पक्षाची बैठक असो, एकानं सूचना मांडायची, दुसऱ्यानं उठून अनुमोदन द्यायचं, मग हात वर. अनुमोदक मिळाला नाही की सूचना पडली. सूचना मांडायची हौस पुष्कळांना असते. दुसऱ्याच्या सूचनेसाठी गुडघ्यावर हात टेकून उठायचं कुणाच्या जिवावर येतं, तर कुणाला आपलं नाव उगाच कशात अडकायला नको असतं. नाना उठायचे. मुळशीतल्या इतक्या सभांमध्ये ते उठले होते, की इतिवृत्त लिहिणारे त्यांचं नाव आधीच घालून ठेवत.

एकदा दूध संस्थेच्या सभेत त्यांनी कमालच केली. वार्षिक सभा देवळात घ्यावी अशी एकानं सूचना मांडली, तिला नानांचं अनुमोदन. देवळात मुळीच घेऊ नये अशी दुसऱ्यानं मांडली, तिलाही नानांचंच. मी हे ऐकल्यावर त्यांना फैलावर घेतलं. म्हटलं, "नाना, तुम्हाला स्वतःचं काही मत आहे की नाही?"

"हाय की. पन अनुमोदन म्हंजी होकार न्हवं, डॉक्टर. अनुमोदन म्हंजी ह्या मानसाचं ऐकून घ्या, येवढंच. मंग मोजा म्हनावं हात."

"पण असं दोन्हीकडून..."

"माझा बा एकदा ग्रामसभेत उभा ऱ्हायला हुता," नाना म्हणाले. "वाडीला रस्ता द्या म्हनला. सरपंचाच्या मनात न्हवतं, म्हनून कुनीच उठलं न्हाई. बा तसाच उभा. मी बारका, त्याच्या धोतराला धरून बसल्याला. लई येळ उभा हुता त्यो. कुनी बस बी म्हनलं न्हाई."

मी पंपाची खोकी लावू लागलो. तेवढ्यात नानांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला कसलंसं अनुमोदन दिलं आणि माझं मऊ झालेलं मन पुन्हा जागेवर आलं.

एक मात्र होतं. दिलेलं अनुमोदन मागे घेणारा त्यांना खपत नसे. कुणा बिचाऱ्यानं सभेत असा प्रयत्न केला, तर नाना त्याच्या अंगावर जात. "अनुमोदन काय उसनी वाटी हाय व्हय, सकाळी दिली अन् सांजच्याला परत मागितली?" हे वाक्य तालुक्यात सगळ्यांना पाठ होतं. दुर्दैवानं आबासाहेबांनाही होतं.

नंतर पक्षाला राष्ट्रीय आरोग्य धोरण सुचलं.

देशासाठी धोरण करायचं, पण ते तळागाळातल्या कार्यकर्त्यांचं ऐकून, असं वरून ठरलं आणि मसुदा मोबाइलवर येऊन पडला. अभिप्राय कळवा, नंतर तालुक्याची बैठक होईल, असा निरोप होता. पक्षात ज्यांनी ज्यांनी तो मसुदा पुढे ढकलला त्यांनी तो वाचला नव्हता. वाचायचं ठरवलेला एकच इसम होता आणि त्याला मोबाइलवरची बारीक अक्षरं दिसत नव्हती. म्हणून तो मी वाचायचा, काउंटरवर, गिऱ्हाइकं सांभाळत.

"सर्वसमावेशक आरोग्य परिसंस्थेची उभारणी," मी वाचलं.

"म्हंजी काय?"

"दवाखाना काढणार."

"मंग दवाखाना म्हना की. फुडं?"

"प्रत्येक कुटुंबाला आरोग्य विम्याचं कार्ड."

"कार्ड चांगलं हाय. दावायचं कुनाला?"

"दवाखान्यात."

"दवाखाना कुटं हाय?"

"नाना, मी लिहिलेलं नाही हे, मी फक्त वाचतोय!"

"वाचा, वाचा."

दुर्गम भागातल्या रुग्णांना मोबाइलच्या पडद्यावर तज्ज्ञ डॉक्टर दिसणार, हे कलम आलं तेव्हा त्यांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. त्यांच्या वाडीत मोबाइलला रेंज नव्हती. फोन करायचा तर वाडीमागचं टेपाड चढून जावं लागे. "म्हंजी आमच्या म्हातारीला दम लागला," ते हळूहळू म्हणाले, "तर तिनं टेपाड चढायचं, अन् वर जाऊन डॉक्टरला सांगायचं, की मला दम लागलाय."

दुकानातली माणसं हसली. नाना हसले नाहीत. मीही हसलो नाही, कारण सगुणाबाईचा दम कसा असतो ते मला माहीत होतं. ताम्हिणीचा पाऊस, आत शिरलेलं धुकं, ओल्या भिंती. छाती धरली की साध्या पंपानं भागायचं नाही. तिला उठवून वाडीतल्या उपकेंद्रात न्यायचं. तिथे रेखा सिस्टर राहायची. ती वाफेचं मशीन लावायची, पाठीवर हात ठेवून बसायची, आणि म्हातारीचा श्वास हळूहळू मार्गी लागायचा. दोन खोल्यांचं गळकं उपकेंद्र, पण सिस्टर तिथे मुक्कामाला होती. कित्येक ठिकाणी इमारत असते आणि माणूस नसतो. इथे माणूस होता. सगुणाबाईचं सगळं आयुष्य त्या एका गोष्टीवर उभं होतं.

मसुद्यात कुठेतरी "कमी उपयोगाच्या आरोग्य स्थापनांचे सुसूत्रीकरण" असं एक कलम होतं. मी ते वाचलं, तेवढ्यात कुणीतरी लहान मुलाच्या खोकल्याचं औषध मागितलं, आणि आम्ही पुढच्या पानावर गेलो. त्यात काय आहे हे त्या दिवशी आम्हा दोघांनाही उमगलं नाही.

नानांनी मात्र ठरवलं, की आयुष्यात एकदा आपण स्वतः सूचना मांडायची. अनुमोदन पुष्कळ झालं. सूचना त्यांनी तोंडी तयार केली आणि माझ्यावर तिची तालीम सुरू केली. त्या काळात मला डोकेदुखीच्या गोळ्या दुकानातून घरी न्याव्या लागल्या.

बैठक पिरंगुटच्याच एका मंगल कार्यालयात झाली. स्टेजवर आदल्या लग्नाची झेंडूची तोरणं तशीच होती आणि वधूवरांच्या खुर्च्यांवर आबासाहेब आणि मसुदा समितीच्या मुंबईच्या मॅडम बसल्या होत्या. मलाही बोलावलं होतं, 'आरोग्य क्षेत्रातील मान्यवर' म्हणून. खुर्च्या भरायला माणसं कमी पडली की मान्यवर निघतात.

मॅडम सौम्य होत्या, आस्थेनं बोलत होत्या. पण निवडणुका जवळ आल्या होत्या आणि समोर बसलेल्या निम्म्या लोकांना तिकीट हवं होतं, त्यामुळे बैठक आबासाहेबांच्या हातात होती. त्यांना जेवणाच्या आधी ठराव उरकायचे होते. एकेक कलम वाचायचं, "अनुमोदक?" म्हणायचं, तिसऱ्या रांगेतून नाना उठायचे, "अनुमोदन!" हात वर. पुढचं कलम. विमा कार्ड, अनुमोदन. मोबाइलवरचे डॉक्टर, त्यालाही अनुमोदन. मी मागून बघत होतो. नानांचे ओठ सारखे हलत होते. ते आपली सूचना घोकत होते. आबासाहेब काय वाचताहेत तिकडे त्यांचा कान नव्हता. नुसते पाय ऐकत होते.

आणि आबासाहेबांनी स्वतःची भर घातली. म्हणाले, "सुसूत्रीकरणाचं कलम. ज्या उपकेंद्रात पेशंट कमी येतात, तिथली सिस्टर काढून पिरंगुटच्या मोठ्या दवाखान्यात आणायची. वाडीवस्तीवर ठरलेल्या दिवशी फिरती गाडी जाईल. याचा पहिला प्रयोग आपल्याच मुळशीत करावा, ताम्हिणीच्या बाजूनं सुरुवात करावी, अशी मी सूचना मांडतो. वर आपलीच माणसं आहेत, होऊन जाईल. अनुमोदक?"

"अनुमोदन!" नाना उठून म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. हात वर झाले, आबासाहेबांनी "मंजूर" म्हटलं, आणि नाना खाली बसता बसता थांबले. आपण काय केलं ते त्यांच्या चेहऱ्यावर उमटताना मला बाजूनं दिसलं. असला चेहरा मी औषधाच्या दुकानातही फार पाहिलेला नाही.

"आबासाहेब, थांबा," ते म्हणाले. "त्ये माझं चुकून ग्येलं. त्ये मागं घ्या."

"नाना," आबासाहेब हसत म्हणाले, "अनुमोदन काय उसनी वाटी आहे का?"

सगळा हॉल हसला. नाना हसण्याचा आवाज ओसरेपर्यंत उभे राहिले आणि मग म्हणाले, "बराबर हाय. मागं घेता येत न्हाई. पन मंग माझी एक सूचना हाय."

मॅडमनी "बोला ना" म्हटलं. नाना बोलले. घोकलेलं सगळं विसरले आणि जे सुचलं ते बोलले. "जितं गाडी पोचत न्हाई, तितं सिस्टर ऱ्हायाला पायजे. पावसाळ्यात तर तिनं हालताच कामा न्हाई. पेशंट किती येत्यात त्ये बघू नका. दम काय ठरल्या दिशी लागत न्हाई. फिरती गाडी ईल तवर मानूस थांबंल व्हय?"

"छान मुद्दा," आबासाहेब म्हणाले. "अनुमोदक?"

कुणी उठलं नाही. ज्यांच्या ज्यांच्या सूचना नानांनी वाचवल्या होत्या ते सगळे तिथे होते. देवळात सभा घ्या म्हणणारा होता, घेऊ नका म्हणणाराही होता. सगळ्यांनी मोबाइल काढले. नाना उभे. मॅडमनी इकडे तिकडे पाहिलं, काहीतरी लिहून घेतलं. पंखे फिरत होते, मागे आचाऱ्यांची भांडी वाजत होती, आणि नाना आपल्या बापासारखे उभे होते.

मला ते बघवेना. मी उठलो आणि जोरात ओरडलो, "अनुमोदन!"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. नानांनीही पाहिलं. क्षणभर त्यांचा चेहरा उजळला, मग त्यांनी मान हलवली.

"डॉक्टर, तुमी पक्षाचं सभासद न्हाई," ते म्हणाले. "तुमचं अनुमोदन धरता येत न्हाई." मग स्टेजकडे वळून सभेत बोलायच्या ठेवणीतल्या आवाजात म्हणाले, "अनुमोदक न्हाई. सूचना पडली. फुडचं घ्या." आणि बसले.

बाहेर आल्यावर मी त्यांना वाट्टेल ते बोललो. जेवायलाही थांबलो नव्हतो. म्हटलं, "कुणासाठी उठलो मी? आणि तुम्हीच मला नियम शिकवता? तिकडे तुमच्या म्हातारीचा श्वास अडकलाय आणि तुम्हाला सभासदत्व सुचतंय!"

"न्हाईतर आबासाहेब म्हनलं असतं," नाना म्हणाले. "त्यांनी म्हनन्यापरीस म्या म्हनलं."

ते थांब्यावर बसले. बिल्ला काढतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी तो नुसता सरळ केला. बस दिसू लागली तशी ते एकदम म्हणाले, "डॉक्टर, पेशंट कमी म्हंजी किती, असं लिवलंय का त्या कागदात?"

"नाही लिहिलेलं."

"मंग वाढवू की," नाना म्हणाले आणि बसमध्ये चढले.

थोड्याच दिवसांत रेखा सिस्टरचा मला फोन आला. टेपाडावरून केलेला असावा, धापा टाकत बोलत होती. "तुमच्या नानांना आवरा हो. रोज सकाळी अख्खी वाडी आणून बसवतात. कुणाला काही झालेलं नसतं. काल एका माणसाला विचारलं, काय होतंय, तर तो म्हणतो, नानांना विचारून सांगतो."

"तुम्ही परत पाठवा त्यांना."

"कशी पाठवू? तपासल्यावर एकदोघांना खरंच काहीतरी निघतं!"

मी नानांना निरोप धाडला, की सरकारी यंत्रणेचा असा खेळ करू नये. उत्तर आलं, की सूचनेचा विचार केला जाईल. आबासाहेबांचा प्रयोग मात्र पुढे ढकलला गेला तो आजतागायत. ताम्हिणीकडच्या एका उपकेंद्रात गर्दी इतकी वाढली, की वरून साथीबिथीची चौकशी झाली म्हणतात.

भर पावसाळ्यात नाना पंप न्यायला आले नाहीत. रस्त्यावर दरड आली होती ती बाजूला काढल्याचं कळलं, तसा मी चिडचिड करत मोटारसायकल काढली. म्हातारीचा पंप संपला असणार आणि हा माणूस वाडीची वरात काढत बसला असणार, याबद्दल मला शंका नव्हती. वाडीपर्यंत पोचेतो मी आतपर्यंत भिजलो होतो.

उपकेंद्राच्या ओसरीवर ही माणसं! इरली, खोळी, छत्र्या, ओले कुत्रे. आत सगुणाबाई खाटेवर बसलेली, तोंडाला वाफेचा मास्क, डोळे मिटलेले, खांदे सावकाश वरखाली होत होते. सिस्टरचा हात तिच्या पाठीवर. नाना दारात उभे राहून एका तरण्या माणसाला दंडाला धरून आत ढकलत होते.

"नाना, मला काय बी झालं न्हाई," तो कळवळून म्हणत होता.

"व्हईल की. तवर बस."

मी पंप त्यांच्या हातात दिला आणि तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मी जायला निघालो तर वाट अडवली. "बसा रांगेत. तुमचं बी नाव लागू द्या."

"नाना, मी या वाडीचा नाही. मला काही झालेलं नाही. आणि मला दुकान उघडायचंय!"

"बसा वो, डॉक्टर," नाना म्हणाले. त्यांनी माझा ओला हात धरला होता. "हितं सभासद असाया लागत न्हाई."

मी चपला काढून रांगेत बसलो. माझी पाळी आली तेव्हा सिस्टरनं दंडाला पट्टा आवळला, फुगा दाबला आणि भुवया उंचावल्या. "रक्तदाब वाढलाय तुमचा. कशाचा त्रास आहे?"

मी नानांकडे बोट दाखवलं.

"अनुमोदन!" नाना म्हणाले. ते नुकतेच कुठे भिंतीला टेकून बसले होते, पण गुडघ्यावर हात टेकून ते सवयीनं उठून उभे राहिले.